राखीव परवडणारी घरं: पंधरा-वीस वर्षांनी ती जातात कुठे?

नकाशाघर

सर्वसमावेशक गृहनिर्माण, म्हणजे खासगी प्रकल्पातच काही घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी राखून ठेवायला लावायची. यावर कुठेही वाद सुरू झाला की तो टक्क्यावर येऊन अडकतो. कुणी म्हणतं दहा ठेवा, कुणी म्हणतं तीस. बिल्डर म्हणतो दहासुद्धा झेपत नाहीत. शेवटी पंधरावर मांडवली होते आणि सगळे घरी जातात. ती घरं किती वर्षं स्वस्त राहणार आणि मुदत संपल्यावर कुणाची होणार, हे करारात कुठेतरी खाली बारीक अक्षरात असतं. भांडायचंच असेल तर माझ्या मते तिथे भांडावं.

उदाहरण अमेरिकेतलं घेतो, कारण हा प्रयोग तिथे जुना आहे. मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीने १९७४ साली कायदा केला. ५० किंवा त्याहून जास्त घरांचा प्रकल्प असेल तर १५ टक्के घरं ठरवून दिलेल्या दरात द्यायची, बदल्यात बिल्डरला मंजुरीपेक्षा जादा घरं बांधायची मुभा. कायदा चालला, हजारो घरं झाली. पण किमतीवरचं बंधन सुरुवातीला फक्त ५ वर्षांचं होतं. ते पुढे १० वर्षं झालं, आणि २००५ मध्ये विक्रीच्या घरांसाठी ३० व भाड्याच्या घरांसाठी ९९ वर्षं. मधल्या काळात मुदत संपलेली घरं एकेक करून खुल्या बाजारात गेली. ज्या कुटुंबाला ती मिळाली त्यांचं भलं झालं, त्यात वाईट काही नाही. पण जादा बांधकामाची जी सवलत सगळ्यांच्या वतीने दिली होती ती एका विक्रीत संपली, आणि रांगेतल्या पुढच्या माणसासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्याच कायद्यात एक शहाणपणाची तरतूद होती. राखीव घरांपैकी एक तृतीयांशपर्यंत घरं काउंटीची गृहनिर्माण संस्था स्वतः विकत घेऊ शकते. अशी घेतलेली घरं संस्थेच्या हातात राहतात, घड्याळ संपलं की आपोआप बाजारात जात नाहीत.

आता दुसरं टोक. व्हरमाँटमधलं बर्लिंग्टन हे छोटं शहर. १९८४ साली, बर्नी सँडर्स महापौर असताना, नगरपालिकेने दोन लाख डॉलर देऊन सामुदायिक भूमी न्यास उभा करायला मदत केली. १९९० मध्ये त्याच शहरात राखीव घरांचा कायदा आला: १५ ते २५ टक्के, प्रकल्प जितका महाग तितका टक्का जास्त, आणि बंधन ९९ वर्षांचं. कायद्याने घर मिळवायचं आणि न्यासाने ते सांभाळायचं, अशी कामाची वाटणी झाली.

न्यासाची रचना सोपी आहे. जमीन न्यासाची, वरचं घर तुमचं. जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने, तोही वारसांना मिळणारा. घर विकायचं असेल तर पट्ट्यातल्या सूत्राने येईल त्या किमतीला, आणि घेणाराही पात्र उत्पन्न गटातलाच.

माझं म्हणणं असं, की राखीव घर निर्माण करणारा कायदा आणि ते सांभाळणारी स्थानिक संस्था या दोन्ही गोष्टी एकत्र नसतील तर पहिलीवर खर्च केलेली ताकद वाया जाते. मतं येऊ द्या, विरोधी असली तर उत्तम.

तिसरा_मजला

वाचनखूण साठवली. सावकाश वाचतो.

कोरडा_हिशेब

लेख चांगला आहे पण मुळातला प्रश्न टाळलात. पैसे कोण देतं?

राखीव घर बाजारभावापेक्षा कमी दरात द्यायचं म्हणजे प्रत्येक घरामागे खड्डा पडतो. तो तिघांपैकी कुणीतरी भरतो: जमीनमालक, बिल्डर, किंवा त्याच इमारतीतली उरलेली घरं घेणारे. बिल्डर स्वतःच्या खिशातून भरत नाही, त्याला नफा दिसला नाही तर तो प्रकल्पच करत नाही. उरलेल्या खरेदीदारांकडून वसूल करणंही सोपं नाही, तो आधीच बाजार झेपेल तेवढी किंमत लावून बसलेला असतो. म्हणजे ओझं जमिनीच्या भावावर यायला हवं. नियम आधीपासून पक्का असेल तर तसं होतंही, कारण बिल्डर जमीन घेतानाच कमी बोली लावतो. पण नियम अचानक आला आणि जमीन जुन्या भावाने घेतलेली असेल, तर काम थांबतं.

पोर्टलंड, ओरेगन. २०१७ च्या फेब्रुवारीपासून २० किंवा अधिक घरांच्या इमारतींना नियम लागू झाला. त्याआधी परवानग्यांच्या अर्जांची झुंबड उडाली, आणि नंतर १९ घरांच्या इमारतींचे नकाशे यायला लागले. एकोणीस! नियमाला उंबरठा ठेवला की लोक उंबरठ्याच्या अलीकडे चपला काढतात.

घरं कमी आहेत म्हणून महाग आहेत. जास्त बांधू द्या. एकीकडे बांधकामावर अप्रत्यक्ष कर लावायचा आणि दुसरीकडे घरं महाग का म्हणून विचारायचं, हे मला पटत नाही.

नकाशाघर

@कोरडा_हिशेब, जमिनीच्या भावाबद्दल जे लिहिलंत ते मला मान्यच आहे. म्हणून तर नियम टप्प्याटप्प्याने, आधी जाहीर करून आणायला हवा, आणि सोबत जादा चटईक्षेत्र, पार्किंगच्या अटीत सूट, मंजुरीत अग्रक्रम असं काहीतरी द्यायला हवं. पण जादा चटईक्षेत्र फुकट नसतं हो. ते देण्याचा अधिकार जनतेचा. एखाद्या भूखंडावर चार मजल्यांऐवजी सात चढवायला दिले तर त्या जमिनीचं मोल एका सहीने वाढतं, मालकाने काडीचंही काम न करता. त्या वाढीतला काही भाग घरांच्या रूपात परत मागितला तर त्याला कर म्हणायचं का, हा वादाचा मुद्दा राहील.

जास्त बांधा, याला माझा विरोध नाही. फक्त नवीन पुरवठ्याने भाव खाली यायला वेळ लागतो, आणि तोवर ज्या वस्तीतून माणसं उठतात ती परत येत नाहीत.

कोरडा_हिशेब

परत मागायला हरकत नाही, पण मोजणार कोण? इंग्लंडमध्ये १९९० च्या नगररचना कायद्याच्या कलम १०६ खाली पालिका बिल्डरशी करार करते, त्यात परवडणारी घरंही येतात. मग बिल्डर व्यवहार्यतेचा अहवाल पुढे करतो: एवढी घरं दिली तर माझा नफा अमुक टक्क्यांखाली जातो, म्हणून कमी करा. पालिकेकडे तो अहवाल तपासायला माणसं नाहीत, आणि बरीच वर्षं तर हे अहवाल लोकांना बघायलाही मिळत नव्हते. घासाघीस करण्यात ज्याचा वकील चांगला तो जिंकतो.

लंडनच्या महापौरांनी २०१७ मध्ये त्यावर तोडगा काढला. ३५ टक्के घरं द्यायची तयारी असेल तर व्यवहार्यतेचं दळण नको, फाइल पुढे. कमी देणार असाल तर सगळे हिशेब उघडे करा. हे मला आवडलं, कारण नियम ठरलेला असला की जमीन विकणाऱ्यालाही कळतं आपल्याला किती मिळणार.

तिसरा_मजला

वाचलं. टक्का, मुदत सगळं ठीक, पण एकाच इमारतीत राहायचं म्हणजे कसं, याच्यावर कुणी बोलत नाही.

न्यू यॉर्कमधल्या रिव्हरसाइड बुलेवार्डवरच्या एका टॉवरचं प्रकरण आठवा. राखीव ५५ घरं, त्यांचं प्रवेशद्वार वेगळं, पोहण्याचा तलाव आणि व्यायामशाळा दुसऱ्या बाजूच्या लोकांसाठी. २०१४ मध्ये बोंबाबोंब झाली आणि पुढच्या वर्षी कायदा बदलून अशी वेगळी दारं बंद केली. गंमत म्हणजे त्या ५५ घरांसाठी ८८ हजार अर्ज आले होते. अपमानाचं दार असलं तरी रांग लागतेच. कारण लोकांना घर हवं असतं.

दाराचा प्रश्न सुटतो, मेंटेनन्सचा सुटत नाही. लॉबीत संगमरवर कुणी लावायचा आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे, हे बैठकीत बहुमताने ठरतं आणि राखीव घरवाले अल्पमतात असतात. घराची किंमत गोठवली, महिन्याचं देणं गोठवलं नाही, तर तीन-चार वर्षांत माणूस आपणहून बाहेर पडतो.

मधली_वाट

+१. मेंटेनन्सचा मुद्दा कळीचा आहे.

शेजाऱ्यांच्या विरोधाबद्दल थोडं. न्यू जर्सीतल्या माउंट लॉरेलचा खटला या सगळ्याच्या मुळाशी आहे. तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना आपल्याच गावात साधी, स्वस्त घरं बांधायची होती. नगररचनेचे नियम असे, की मोठ्या प्लॉटवरच्या स्वतंत्र घरांखेरीज काही बसूच नये. एथेल लॉरेन्स या बाई वादींमध्ये पुढे होत्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये निकाल दिला, की प्रत्येक गावाने आपल्या वाट्याची परवडणारी घरं सामावून घ्यायलाच हवीत. गावांनी दाद दिली नाही. १९८३ मध्ये न्यायालयाने दुसऱ्यांदा दट्ट्या दिला: गाव ऐकत नसेल आणि बिल्डर पुरेशी परवडणारी घरं द्यायला तयार असेल, तर तो कोर्टातून परवानगी मिळवू शकेल.

एथेल लॉरेन्स यांच्या नावाची १४० घरांची वसाहत प्रत्यक्षात राहायला खुली झाली २००० साली. पहिल्या निकालानंतर पंचवीस वर्षांनी, त्या स्वतः गेल्यानंतर. शेजाऱ्यांचं भाकीत ठरलेलं होतं: गुन्हे वाढतील, आमच्या घरांचे भाव पडतील, कर वाढतील. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर नीट तुलना करून अभ्यास केला. तिन्हींपैकी काही झालेलं आढळलं नाही.

फ्रान्सने डिसेंबर २००० च्या कायद्याने मोठ्या शहरपट्ट्यांतल्या गावांना २० टक्के सामाजिक घरं असण्याचं बंधन घातलं, २०१३ मध्ये ते बऱ्याच ठिकाणी २५ टक्के झालं. तरी पॅरिसला खेटून असलेलं नोयी-सुर-सेन हे श्रीमंत गाव वर्षानुवर्षं लक्ष्याच्या जवळपासही नाही. दंड भरतात. दंड परवडतो त्यांना. घराऐवजी पैसे भरायची सोय जिथे जिथे आहे तिथे हीच रड. प्रकल्प श्रीमंत भागात होतो, पैसे निधीत जातात, आणि निधीतून घरं होतात शहराच्या कडेला, जिथे जमीन स्वस्त. घरं होतात, समावेश होत नाही.

रानवारा

अवांतर वाटेल, पण नाही.

या भूमी न्यासाच्या कल्पनेची एक मुळी विनोबांपर्यंत जाते. १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झालं. पण दान मिळालेली जमीन एकेका भूमिहीनाच्या नावावर झाली की कर्जापायी किंवा अडचणीत ती पुन्हा हातातून जायचा धोका होता. ग्रामदानात उत्तर असं होतं, की जमिनीची मालकी गावाची, कसण्याचा हक्क कुटुंबाचा. रॉबर्ट स्वान आणि राल्फ बोर्सोदी या दोन अमेरिकनांनी हे विचार उचलले. बोर्सोदी तर काही काळ भारतात राहिलेही होते.

१९६९ मध्ये जॉर्जियात नागरी हक्क चळवळीतल्या लोकांनी, त्यात चार्ल्स शेरॉड, शर्ली शेरॉड, स्लेटर किंग आणि हे स्वान, न्यू कम्युनिटीज नावाने पहिला सामुदायिक भूमी न्यास स्थापन केला. मतदार नोंदणी केली म्हणून मळ्यांवरून हाकललेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना कुणी घालवू शकणार नाही अशी जमीन हवी होती. जवळपास ५,७०० एकर जमीन. ती १९८५ मध्ये कर्जापायी गेली. दुष्काळ पडला, आणि सरकारी कृषी कर्ज देताना भेदभाव झाला. २००९ मध्ये त्या भेदभावाच्या प्रकरणात त्यांना १ कोटी २० लाख डॉलर भरपाई मिळाली. म्हणजे हक्क सामूहिक असला तरी जमिनीवर कर्ज असेल तर न्याससुद्धा बुडतो. न्यासाची भाबडी स्तुती करणाऱ्यांनी हे विसरू नये.

भाडेकरी

रानवारा, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

मला मात्र एक रोखठोक शंका आहे. आयुष्यभर भाडं भरून माणूस घर घेतो ते पुढे उपयोगी पडावं म्हणून. मुलीचं शिक्षण, म्हातारपण, दुखणं. श्रीमंताने घर घेतलं तर त्याला पूर्ण नफा आणि गरिबाने घेतलं तर त्याला सूत्र लावायचं? नफा मिळवणं हे पाप फक्त आमच्याच बाबतीत?

नकाशाघर

@भाडेकरी, धाग्यातला सगळ्यात योग्य प्रश्न. आकड्यांतच उत्तर देतो.

समजा घराचा बाजारभाव १०० आहे. न्यासाने अनुदान आणि जमीन बाजूला काढून ते तुम्हाला ७० ला दिलं. दहा वर्षांनी बाजारभाव १६० झाला. बर्लिंग्टनच्या पद्धतीत मालकाला वाढीचा साधारण पाव हिस्सा मिळतो. वाढ ६०, पाव हिस्सा १५. तुम्ही घर ८५ ला विकता. बँकेचं जेवढं मुद्दल फेडलं तेवढं तुमचंच, वर हे १५, आणि परवानगीने केलेल्या सुधारणांची भर. पुढच्या कुटुंबाला १६० चं घर ८५ ला मिळतं. आधीच्या कुटुंबाला बाजारभावाच्या ७० टक्क्यांत मिळालं होतं, याला साधारण ५३ टक्क्यांत. नवं अनुदान शून्य.

सूत्र नसतं तर तुम्ही १६० ला विकलं असतं, ९० सुटले असते. आणि पुढच्या कुटुंबासाठी तशाच सवलतीत घर द्यायचं तर ११२ ला द्यावं लागलं असतं, म्हणजे ४८ नव्याने ओतावे लागले असते. ते कुठून येणार?

आता तुमचा आक्षेप. तो खोटा नाही. ९० आणि १५ यात फरक आहेच. पण तुलना १०० ला घर घेऊ शकणाऱ्याशी करायची का, की आयुष्यभर भाडं भरून हातात काहीच न राहणाऱ्याशी? शिवाय सूत्र देवाने दिलेलं नाही. काही न्यास वाढ महागाई निर्देशांकाला बांधतात, काही त्या भागातल्या उत्पन्नाला. लंडनच्या माइल एंडमधल्या सेंट क्लेमेंट्समध्ये २३ घरं अशी दिली, की किंमत त्या भागातल्या मधल्या उत्पन्नावरून ठरली. पुनर्विक्रीलाही तेच सूत्र. ती घरं मोठ्या खासगी प्रकल्पाच्या पोटातच होती, हेही लक्षात घ्या.

गच्चीवरून

सगळे कायदा आणि न्यासावर बोलताय, स्वतः बांधणाऱ्यांना विसरू नका.

उरुग्वेत १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने परस्पर-मदतीच्या सहकारी संस्थांना मान्यता आणि कर्ज दिलं. प्रत्येक कुटुंबाने आठवड्याला २१ तास बांधकामावर काम करायचं. मालकी संस्थेची, कुटुंबाकडे राहण्याचा हक्क. कुणाच्या वाट्याला कुठलं घर हे सहसा काम होईपर्यंत कळत नाही, म्हणून कोपऱ्यातलं चांगलं घर आपलं समजून कुणी फक्त तिथेच घाम गाळत नाही. फुकवाम हा त्यांचा महासंघ १९७० पासून आहे.

थायलंडमध्ये २००३ ला बान मांकोंग कार्यक्रम सुरू झाला. झोपडवस्तीने आधी बचतगट करायचा, मग जमिनीसाठी मालकाशी स्वतः वाटाघाटी करायच्या. कर्ज माणसाला नाही, संस्थेला. एकाने हप्ता चुकवला तर सगळ्यांनी सांभाळायचं. माझा अंदाज असा, की हे जिथे चालतं तिथे दहा-बारा खमक्या बायका असतात आणि त्यांची नावं कुठल्याही अहवालात नसतात. आठवड्याला २१ तास म्हणजे कामावरून येऊन पुन्हा विटा वाहायच्या, आणि घरचं चुकत नाहीच. सहभाग या नावाखाली गरिबाचा वेळ फुकट धरायची सवय धोरणकर्त्यांना फार आहे. श्रीमंताला कुणी म्हणत नाही, या, स्लॅब टाकायला हात लावा.

तरी बोस्टनचं डडली स्ट्रीट मला पटतं. तिथे १,३०० च्या आसपास रिकामे प्लॉट होते. काही घरं विम्यासाठी जाळलेली, बाकी ठिकाणी बाहेरचे लोक येऊन राडारोडा टाकायचे. १९८४ मध्ये रहिवाशांनी संघटना केली. पहिली मोहीम घरांची नव्हती, कचरा टाकणं बंद करा एवढीच होती. १९८८ मध्ये या संघटनेला पडीक खासगी प्लॉट संपादन करायचा अधिकार मिळाला, जो एरवी सरकारकडे असतो. घरं त्यानंतर आली, न्यासाच्या जमिनीवर. आधी कचऱ्याच्या लढाईत लोक एकमेकांना ओळखायला लागले नसते, तर न्यासाच्या बैठकीला आलं असतं कोण?

कोरडा_हिशेब

सगळं छान. पण आकार बघा. माइल एंडला २३ घरं. डडलीला दोन-सव्वादोनशे. शहरांना लाखांत घरं लागतात.

नकाशाघर

बर्लिंग्टनचा न्यास २००६ मध्ये दुसऱ्या संस्थेत विलीन होऊन चॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट झाला, त्याच्याकडे आता दोन हजारांवर भाड्याची घरं आहेत, विकलेली काहीशे वेगळी. शहर चिमुकलं आहे हे लक्षात घेतलं तर हा आकडा लहान नाही. पण एकट्या न्यासाने मोठं शहर सुटणार नाही, हे कबूल. व्हिएन्नाला मोठ्या प्रमाणावर परवडणारी घरं देणं जमलं ते शहराने स्वतः दशकानुदशकं जमीन विकत घेऊन ठेवली म्हणून. महाराष्ट्रात २०१३ पासून मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर व त्यावरच्या प्रकल्पांना २० टक्क्यांचा नियम आहे, घरं म्हाडामार्फत सोडतीने जातात. सोडत लागल्यानंतर ते घर पुढची तीस वर्षं कुणाच्या यादीत असेल, हाच प्रश्न तिथेही विचारा.

भाडेकरी

गणित पटलं असं नाही, पण कळलं. आणखी दोन विचारतो. न्यासाच्या मंडळावर कोण बसतं? आणि माझे हप्ते थकले तर?

नकाशाघर

नेहमीची रचना अशी: एक तृतीयांश जागा न्यासाच्या जमिनीवर राहणाऱ्यांना, एक तृतीयांश आसपासच्या वस्तीला, एक तृतीयांश पालिका, जाणकार वगैरेंना. नुसते राहणारे असतील तर कधीतरी सूत्र रद्द करून घरं बाजारभावाने विकायचा मोह होतो, नुसते बाहेरचे असतील तर राहणाऱ्यांवर घरमालकी गाजवतात. शेजारी मतदार म्हणून बसवले की पुढच्या रांगेतल्यांचा आवाज राहतो.

हप्ते थकले तर बँकेने जप्तीआधी न्यासाला कळवायचं, न्यासाला थकबाकी भरून घर वाचवायची किंवा पहिल्यांदा विकत घ्यायची संधी मिळते. मंदीनंतर, २०१० च्या अखेरीस अमेरिकेत झालेल्या पाहणीत न्यासाच्या घरकर्जांपैकी ०.४६ टक्के जप्तीत होती, बाजारातल्या एकूण कर्जांत हे प्रमाण ४.६३ टक्के होतं. याचं श्रेय बरंचसं न्यासाच्या कर्मचाऱ्यांना. ते घर देण्याआधी बँकेची कागदपत्रं तपासतात आणि दुसरा हप्ता चुकला की फोन करतात.

तिसरा_मजला

आणि मेंटेनन्स?

नकाशाघर

तो पट्ट्यात नसतो, सोसायटीच्या नियमांत असतो. राखीव घरांचा हिस्सा क्षेत्रफळावर ठरतो की घराच्या किमतीवर, हे प्रकल्प मंजूर होतानाच लिहून घ्यायचं. किमतीवर ठरला तर भार हलका होतो. इमारत उभी राहिल्यावर बैठकीत हे बदलायला निघालात तर बहुमत तुमच्या बाजूने नसतं.